मेश्रामकाकांची प्रेक्षणीय स्थळं

मिठाचा ढीग बघायला मी आयुष्यात एकदाच गेले आहे. तेही रविवारी सकाळी केस धुऊन, नवीन कोट घालून, नवऱ्याला अंथरुणातून ओढून काढून. मिनेसोटातल्या ईडन प्रेरी या गावात आम्ही टेक्सासहून नुकतेच राहायला आलो होतो, आणि ‘इथे बघण्यासारखं काय आहे हो?’ हा प्रश्न मराठी मंडळाच्या संक्रांतीत मी नेमका मेश्रामकाकांना विचारला. दुसरा कोणी असता तर ‘मॉल’ म्हणाला असता आणि विषय संपला असता. काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून जुन्या कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रेक्षणीय स्थळे’, आणि खाली पाच ओळी. दफनभूमी. मिठाचं कोठार. बंद पडलेल्या दुकानाचं पार्किंग. गोल चौक. नदीवरचा पूल, इथून विमानं दिसतात.

अशी पानं लिहून तयार ठेवायचे खिशात, म्हणजे बघा.

मला दफनभूमी नको होती, आणि पार्किंग तर माझ्या ऑफिसलाही होतं. मिठाचं कोठार म्हणजे एखादी जुनी खाण असेल, गाइड असेल, शेवटी गिफ्ट शॉप असेल, अशी माझी आपली भोळी समजूत. पोचलो तर काउंटीच्या रस्ते खात्याचा भला मोठा घुमट. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकायचं मीठ त्यात साठवलेलं, भोवती कुंपण, आणि कुंपणावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी. त्या पाटीसमोर आम्ही पाच मिनिटं उभे राहिलो. निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, माझा पाटीसकट फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. आईचा लगेच फोन आला, ‘तिथे मीठ मिळत नाही का गं?’

पुढच्या आठवड्यात काकांचाही फोन. ‘जाऊन आल्या का राधिकाबाई? रस्ता कसा वाटला?’

‘रस्त्याचं काय घेऊन बसलात काका? मीठ होतं तिथे.’

‘हाव, मीठ तर आहेच. पण रस्ता?’

मेश्रामकाका या विषयावर तेव्हा माझं मत पक्कं झालं, आणि माझं मत एकदा पक्कं झालं की ते बदलायला मला सवड नसते. पुढची आठ वर्षं मी तो फोटो प्रत्येक पार्टीत दाखवून लोकांना हसवलं.

काका मूळचे नागपूरचे. तिथून शिकून, मोठ्या जिद्दीने शिष्यवृत्त्या मिळवून इकडे आले आणि काउंटीच्या रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. सहा फूट उंची, अंगात आठवड्याचे सातही दिवस तोच तपकिरी कोट, आणि ऑक्टोबर ते एप्रिल डोक्यावर माकडटोपी. इथे उणे तीस तापमानात चालणाऱ्या टोप्या मिळतात, दुकानंच्या दुकानं आहेत. काकांचं म्हणणं, त्या टोप्यांना हनुवटी कळत नाही. बायकांना सरसकट ‘बाई’ म्हणायचे, मग ती सहा वर्षांची असो की साठ. गाडी फिकट खाकी रंगाची, माझ्या लग्नाच्या आधीची. तिच्या डिकीत एक फावडं, एक घोंगडी, चाकं घसरली तर खाली टाकायला मांजरीच्या वाळूची पिशवी आणि चिवड्याचा डबा. कुठेही अडकलो तर दोन दिवस निघतील, म्हणायचे. इतक्या हळू गाडी चालवायचे की अडकायला कुठे पोचणं अवघडच होतं. मागे आठदहा गाड्यांची वरात, आणि पुढे हे, माकडटोपीत, नवरदेवासारखे.

ते घरी न कळवता यायचे. अमेरिकेत! इथे सख्खा भाऊसुद्धा मेसेज टाकून, कॅलेंडरवर जागा बघून येतो. काका बेल वाजवून दारात उभे. ‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावू.’ आमचं घर बंद गल्लीच्या टोकाला आहे. तिथून पुढे रस्ता कुठेच जात नाही, मागे फक्त तळं. इकडून कोणी कुठेही चाललेला असू शकत नाही. हे मी त्यांना एकदा ऐकवलंसुद्धा. ‘माहीत आहे न,’ काका म्हणाले, ‘हा रस्ता मीच आखला,’ आणि चप्पल काढून आत आले. बर्फात चप्पल, आत दोन मोजे.

एकदा मंडळाने नवीन येणाऱ्यांसाठी पुस्तिका काढायची ठरवली. स्थळांचं पान काकांकडे दिलं, कारण ते कोणाच्याच लक्षात न येता समितीत होते. काकांनी आपली तीच पाच स्थळं दिली. समितीची तातडीची मीटिंग झाली. दफनभूमी गेली, मीठ गेलं. छापून आलं ते असं: मॉल, दुसरा मॉल, सवलतीच्या दुकानांचा तिसरा मॉल, मंदिर, आणि अध्यक्षांचं नवीन बेसमेंट, तिथे होम थिएटर आहे म्हणून. पुस्तिकेची आपली प्रत परत करताना काका म्हणाले, ‘चांगलं आहे. पण नवी माणसं तिथं जातील कशी, ते नाही लिहिलं.’ आम्हाला वाटलं, म्हातारा रुसला.

मग आमच्याकडे पाओला आली, जानेवारीत. ती आमची ओ पेअर. म्हणजे परदेशातली तरुण मुलगी एजन्सीमार्फत वर्षभर तुमच्या घरी येऊन राहते, तुमचं मूल सांभाळते, आणि तिला घरातलीच समजायचं असं तुम्ही सही करून मान्य करता. घरातली समजायला सही लागते, यावरून ओळखा. माझी मुलगी ईरा चार वर्षांची, तिची शाळा बारा वाजता सुटायची. माझ्या ऑफिसने आठवड्यातले चार दिवस प्रत्यक्ष हजर राहायचं फर्मान काढलेलं, वर नुकतीच मला टीम दिलेली. ईराला बारा वाजता आणणारं माणूस मिळालं नाही तर टीम परत, एवढं साधं गणित होतं. ‘यार, मॅनेज करू,’ निखिल म्हणाला. निखिलचं ‘मॅनेज करू’ म्हणजे मी करू.

पाओला वीस वर्षांची, कोलंबियातल्या समुद्रकाठच्या गावची. तिथे कायम ऊन. विमानतळावर ती जीन्सच्या जाकिटात उतरली. गाडी येते का या प्रश्नाला तिने फॉर्मवर ‘हो’ लिहिलं होतं, आणि ते खरंही होतं, तिच्या गावात रस्ते काचेचे नसतात एवढाच फरक. चौथ्या दिवशी ईराला शाळेतून आणताना आमच्याच गल्लीच्या वळणावर गाडी घसरली, शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी करून बर्फाच्या ढिगात शिरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. ईरा मागून ओरडत होती, ‘अगेन! डू इट अगेन!’

मी त्या दिवशी घरून काम करत होते. मीटिंग तशीच चालू ठेवून, पायात नुसते मोजे, बाहेर पळाले. आणि भर रस्त्यात, शेजारी दारात उभे असताना, त्या पोरीवर ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. ‘गाडी येते म्हणून खोटं लिहिलंस’ हे होतं, ‘माझी मुलगी मागे बसली होती’ हे तीनदा होतं. पाओला स्टिअरिंग धरून बसली होती, बोटं पांढरी पडलेली. मग उतरली आणि बेसमेंटमधल्या आपल्या खोलीत गेली.

पुढचे तीन दिवस ती रडत होती आणि मी उबरला भिकेला लागल्यासारखी विनवत होते. चौथ्या दिवशी एजन्सीच्या ज्युडीबाई आल्या. गोड बाई. इतकी गोड की तिच्याशी बोलून झालं की पाणी प्यावंसं वाटायचं. म्हणाली, पाओलाला परत जायचंय, पण नियमाप्रमाणे दोन आठवडे थांबून विचार करू, मी पुन्हा येईन तेव्हा तिने ठरवावं: इथेच, दुसरं घर, की परतीचं विमान. ‘आणि तुम्ही तिला आजूबाजूचं काही दाखवलंत का? फिरायच्या जागा सुचवल्यात?’

सुचवल्या होत्या ना! मी ऑफिसात प्रेझेंटेशन बनवते तशी देखणी यादी बनवली होती, फोटो, लिंक, वेळा, सगळं. संग्रहालय, शिल्पांची बाग, धबधबा, मॉल. पाओलाने ती पहिल्याच दिवशी वाचून एकच प्रश्न विचारला होता, ‘हाऊ डू आय गो?’ मी म्हटलं होतं, ‘यू ड्राइव्ह.’ दुसरं काय म्हणणार? आमच्या घरापासून बस पकडायची तर बसच्या थांब्यापर्यंत गाडीने जावं लागतं.

ज्युडी गेली आणि बेल वाजली. माकडटोपी. ‘इकडून चाललो होतो.’

मी चहा ठेवला आणि रडले. काकांसमोर रडावं असं मला मुळीच वाटत नव्हतं, पण समोर दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खालून येणारं रडणंही ऐकलं. ‘काहून रडून राहिली ती पोरगी?’

‘घरची आठवण येते म्हणे.’

‘उद्या साडेनवाला तयार ठेवा तिले. ईराबाई शाळेत गेली की आम्ही थोडं फिरून येऊ.’

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या वाट्याला काडीसुद्धा माकडटोपीतली आली. तरी मी पाठवलं. रडायचंच आहे तर बाहेर जाऊन रडू दे, इतका उदात्त विचार त्यामागे होता. दुसऱ्या दिवशी तिला खाकी गाडीत बसून जाताना पाहिलं. दुपारी विचारलं, ‘काय बघितलंस?’

‘सिमेटरी,’ पाओला म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. घरच्या आठवणीने झुरणारी पोर, आणि या गृहस्थाने तिला पहिल्या दिवशी थडगी दाखवली! नवल म्हणजे त्या रात्री खालून रडणं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दफनभूमी. का, तर कालची सगळी बघून झाली नव्हती. तिसऱ्या दिवशी मिठाचं कोठार. मी म्हटलं, आता ही सरळ विमानात बसते. ती आली, गाल लाल, भूक लागलेली, दोन वेळचं एकदम जेवली. पुढचे दोन दिवस बंद पडलेल्या दुकानाचं पार्किंग. तिथून आली ती हसत. ‘व्हेरी बिग,’ हात पसरून ईराला सांगत होती, ‘व्हेरी, व्हेरी ब्युटिफुल पार्किंग.’ ईरा म्हणाली, ‘मम्मा, आय वॉन्ट टू सी द पार्किंग.’ मी निखिलला म्हटलं, थंडीचा मेंदूवर परिणाम होतो हे ऐकून होते, इतक्या लवकर होतो हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गोल चौकापाशी आले आणि समोर खाकी गाडी. चौकात फिरत होती. मी माझ्या वळणावर थांबले. ती समोरून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला मला दिसलं, स्टिअरिंगवर पाओला होती. शेजारच्या सीटवर काका डबा मांडीवर घेऊन, समोर बघत, चिवडा खात होते. मागून एक ट्रकवाला भोंगा वाजवत होता. काकांनी काच खाली करून त्याला शांतपणे पुढे जायची खूण केली, आणि गाडी चौथ्या फेरीला लागली.

माझा दात दुखायचा थांबला, इतकी मी भडकले. ज्या मुलीने दोन आठवड्यांपूर्वी टपालपेटी आडवी केली तिच्या हातात बर्फात गाडी! मला न विचारता! उद्या काही झालं असतं तर ज्युडीला काय सांगायचं, प्रेक्षणीय स्थळं बघताना झालं? तिथूनच मी मंडळातल्या रश्मीला फोन लावला. ती आमच्याआधी दहा वर्षं इथे आलेली. मला वाटलं, तीही भडकेल. रश्मी हसत सुटली.

‘अगं, मला अकरा फेऱ्या मारायला लावल्या होत्या त्या चौकात. मी रडत होते आणि काका म्हणत होते, घाई नाही, चौक कुठं पळून नाही राहिला.’

‘तुला? तुला कशाला?’

‘राधिका, तुला खरंच माहीत नाही? आम्ही चौदापंधरा जणी तरी शिकलो असू. नवऱ्यांच्या मागे आलेल्या, घरात कोंडलेल्या. आधी दफनभूमी, तिथे एकेरी रस्ते आणि वर्दळ नाही. मिठाच्या कोठाराला जायचं तर सगळी वळणं उजवीकडची, समोरची गाडी आडवी येतच नाही. पार्किंगमध्ये मुद्दाम गाडी घसरवायची आणि सावरायची. मग चौक. शेवटी पूल, तो हायवेवर आहे.’

‘मग आठ वर्षांत मला का नाही सांगितलं कोणी?’

‘तू विचारलंस कधी? तू आल्या दिवशी टेक्सासचं लायसन्स नाचवत होतीस, आणि नंतर तो फोटो.’

मी दातवाल्याकडे न जाता काकांच्या घरी गेले आणि त्यांच्या दारात गाडीत बसून राहिले. बोलायचं सगळं तयार होतं. तासाभराने काका पाओलाला आमच्याकडे सोडून आले, मला बघून म्हणाले, ‘काय बाई, इकडून चालल्या होत्या का?’ आणि दार उघडलं.

घर नीटनेटकं, गरम. समोरच्या मोठ्या खिडकीपाशी एकच खुर्ची, रस्त्याकडे तोंड केलेली. मी उभ्यानेच सुरुवात केली. इन्शुरन्स म्हटलं, जबाबदारी म्हटलं, विश्वास म्हटलं. काका माकडटोपी हातात घेऊन ऐकत होते. टोपीशिवाय ते मला ओळखूच येईनात, किती म्हातारे होते!

‘चुकलंच माझं. तुम्हाला विचाराले पाहिजे होतं,’ ते म्हणाले. ‘पण ड्रायव्हिंग शिकवतो म्हटलं की माणूस घाबरते. फिरायला जाऊ म्हटलं की चप्पल घालते.’

‘पण कशाला काका? या वयात? तुम्हाला कोणी सांगितलंय?’

ते खिडकीकडे बघत बोलले. त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना, जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला त्या आठवत होत्या त्या मंडळात कोपऱ्यात बसलेल्या, निघायच्या वेळेला काकांकडे बघणाऱ्या.

‘सुमनले मीच शिकवत होतो. पहिला हिवाळा आमचा. डावीकडे वळताना गाडी घसरली, मधातच बंद पडली. मागून भोंगे. अन् मी ओरडलो, बाई. असा ओरडलो, जसं काही तिनं मुद्दाम केलं. माझ्या बापावर कोणी ओरडलं तर मी चवताळून उठत होतो, तो मी. चार लोकांसमोर, बायकोवर. ती उतरली अन् चालत घरी गेली. साडीवर कोट, पायात साधे बूट. मी मागं मागं गाडी घेऊन. बसली नाही.’

मी खुर्चीत बसले.

‘त्यानंतर तिनं स्टिअरिंगले हात लावला नाही. बत्तीस वर्षं. मी लाख वेळा म्हटलं, चल शिकवतो. नाही. मी रस्ते आखले न बाप्पा या गावाचे. अर्ध्या वळणांवर माझी सही आहे. अन् माझी बायको त्या रस्त्यांवरून माझ्या सवडीनं गेली. एकदा म्हणे, मला बाहेर जायचं आहे. मी म्हटलं, कुठं सोडू सांग. ती म्हणे, कुठं म्हणून नाही हो, नुसतं निघायचं आहे. मले समजलंच नाही. मी म्हटलं, ठिकाण सांगशील तर सोडीन न.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते टोपीने पुसलं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की काय सांगू. काकांची नाही, माझी. गल्लीच्या वळणावर मोज्यांवर उभी राहून किंचाळणारी बाई मला स्वच्छ दिसत होती, आणि स्टिअरिंगवरची ती पांढरी बोटं. पोरीला घरची आठवण येते म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते. ती माझ्यामुळे रडत होती.

घरी जाऊन पाओलाची माफी मागितली. वाटलं होतं, सिनेमातल्यासारखी गळ्यात पडेल. ती म्हणाली, ‘ओके,’ आणि ईराचे मोजे घड्या घालत राहिली. माफी मागितली की समोरच्याने लगेच द्यायची असते, हा आपला एक गोड गैरसमज.

शुक्रवारी ज्युडीबाई आल्या. चहा झाला, हवामान झालं. मग तिने पाओलाला विचारलं, काय ठरवलंस? टीम, बारा वाजताची शाळा, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि खरं सांगते, या पोरीने असं रडून परत जाऊ नये हेही. पाओलाने माझ्याकडे बोट दाखवलं. आपल्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली, आज ही माझ्याबरोबर गाडीत बसेल, मी पुलापर्यंत नेईन आणि परत आणीन. ही तोंड उघडणार नाही. उघडलं नाही, तर मी राहते.

ज्युडीने वहीत काहीतरी लिहिलं. निखिल खोकला. हा माणूस गेली दहा वर्षं माझ्या शेजारी बसून गाडी चालवतो, त्याला या अटीचं गांभीर्य बरोबर कळलं होतं.

तर मी बसले. पाओला स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे काका (तेही नेमके इकडूनच चालले होते), त्यांच्या शेजारी ईराची रिकामी खुर्ची. हायवेवर शिरताना उजवीकडे आम्ही, डावीकडे धडधडत येणारा अठरा चाकी ट्रक. माझ्या जिभेवर ‘अगं’ आलं, ‘अगं’ इंग्रजीत काय म्हणतात तेही आलं. मी हातमोजा तोंडात कोंबला. खोटं नाही सांगत, लोकरीचा, अख्खा. पाओलाने आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं, जरा थांबली, ट्रकला जाऊ दिलं आणि त्याच्या मागे सुबकपणे शिरली. पुलावर खरोखरच विमानं दिसली. परत आलो तेव्हा माझी बत्तिशी दुखत होती. पाओलाने गाडी बंद केली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसत सुटली. आल्यापासून ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली होती.

ती राहिली. एक वर्ष म्हणून आलेली, आणखी एक वर्ष वाढवून राहिली. इथली लायसन्सची परीक्षा पास झाली, ईराला तळ्यावर नेलं, ग्रंथालयात नेलं, आणि सुटीच्या दिवशी एकटीच कुठे कुठे निघून जायची. कुठे गेली होतीस विचारलं तर खांदे उडवायची, ‘नोव्हेअर. जस्ट ड्रायव्हिंग.’ माझी देखणी यादी तिने एकदाही उघडली नाही.

पुढच्या हिवाळ्यात काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसायचं. त्यांनी आपणहून लायसन्स नेऊन दिलं, कोणी मागायच्या आत. त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला असते, तिने सांगितलं, बाबा, आता बास, इकडे या. मंडळाने निरोप समारंभ ठेवला, अध्यक्षांनी काकांच्या ‘विनोदी स्वभावावर’ भाषण केलं. मी तो फोटो कधीच पुसून टाकला होता, पण समारंभात दोघातिघांनी मागितला. मी म्हटलं, हरवला.

विमानतळावर सोडायला काकांनी मला सांगितलंच नाही. पाओलाला सांगितलं. मी आपली मागे बसले, सामानाबरोबर. सकाळचे आठ, वरून भुरभुर बर्फ, ४९४ हायवेवर गाड्यांची ही गर्दी, मधूनच घसरून कडेला लागलेली एखादी गाडी. काका पुढे, माकडटोपीत. गावाची हद्द संपेपर्यंत कुठल्या वळणाला उतार कमी पडला ते सांगत होते. हायवे लागला आणि त्यांचा आवाज बारीक होत बंद पडला. मी पुढे वाकून पाहिलं. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं. झोपले होते. शेजारून ट्रक जात होते, वायपर करकरत होते, आणि हा माणूस गाढ झोपला होता. पाओलाने रेडिओ बारीक केला आणि उजवीकडच्या सावकाश लेनमध्ये आली.

विमानतळाच्या दाराशी गाडी लावली. वेळ बराच हातात होता. मी सामान उतरवलं, काचेवर टकटक करणार, तर पाओलाने आतून मान हलवली, नको. तेवढ्यात पिवळ्या जाकिटातला पोलीस आला. इथे थांबता येत नाही, माणूस उतरवा आणि पुढे व्हा. त्याने काचेवर थाप मारली. पाओलाने काच दोन बोटं खाली केली. पोलिसाच्या गणवेशाला ती पहिल्या महिन्यात इतकी भ्यायची की चौकात पोलीस दिसला तर रस्ता बदलायची.

‘प्लीज, टू मिनिट्स,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘ही इज स्लीपिंग. ही मेड द रोड्स.’

पोलिसाने वाकून आत पाहिलं. माकडटोपी, तपकिरी कोट, मांडीवर उताणा पडलेला सुरकुतलेला हात. मग मागच्या गाड्यांना त्याने हाताने बाजूने जायची खूण केली. मी सामानाजवळ उभी राहिले, पाओला स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. काका झोपलेलेच होते.